मुलांचा टीकालेख

परीक्षेंत एखाद्या कादंबरीवर टीकात्मक निबंध लिहावयास सांगितला, म्हणजे बहुतेक विद्यार्थी दोन पानें कथानक सांगतात आणि शेवटीं 'भाषा सोपी व ओघवती असून लेखकानें समाजाचें हुबेहूब चित्र रेखाटलें आहे' असें एक वाक्य जोडून मोकळे होतात. हें वाक्य कोणत्याही पुस्तकास चालतें, आणि म्हणूनच तें कोणत्याच पुस्तकाविषयीं कांहीं सांगत नाहीं. यांत मुलांचा दोष फारसा नाहीं. 'गोष्ट थोडक्यांत सांग' आणि 'तात्पर्य काय?' हे दोनच प्रश्न आपण त्यांना लहानपणापासून विचारीत आलों आहों.

टीका म्हणजे दोष काढणें, हाही एक समज आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमालें'तील (१८७४–८२) उपरोध मुलांस चटकन् आवडतो व तोच आधीं उचलला जातो. तो मोह आवरावयास शिकविणें हें शिक्षकाचें पहिलें काम.

दुसरें काम, दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवणें. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यांच्या 'करमणूक' पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक १९१० सालचें. दोहोंतही एक स्त्री आपल्या तोंडानें आपली हकीकत सांगते, दोघीही जुन्या ब्राह्मण कुटुंबांत वाढलेल्या. इतकें साम्य असल्यामुळेंच भेद पाहण्यास ही जोडी सोयीची आहे.

कादंबरीविषयीं पहिला प्रश्न असा विचारावा : ही गोष्ट सांगतें कोण? मुलें 'आपटे' म्हणतील. परंतु सांगते ती यमू. आपटे पडद्याआड आहेत. एका पुरुषानें विधवेच्या मुखानें बोलण्याचें कां पत्करलें? यमूचें केशवपन त्रयस्थानें वर्णिलें असतें, तर काय हरवलें असतें? यानंतर मुलांस बालपणाच्या प्रकरणांकडे न्यावें आणि लहानग्या यमूला न उमगलेलें, पण वाचकाला उमगलेलें असें एखादें स्थळ शोधावयास लावावें. तें सांपडलें, कीं विद्यार्थ्याजवळ स्वतःचें एक विधान तयार होतें. मग आधार म्हणून तें स्थळ द्यावयाचें, आणि त्या स्थळावरून तें विधान कसें निघतें, हें दोन वाक्यांत उलगडावयाचें. हा मधला दुवाच मुलें हटकून गाळतात. उतारा दिला म्हणजे सिद्ध झालें, अशी त्यांची समजूत असते.

रमाबाईंच्या पुस्तकाला हेच प्रश्न लावून भागत नाहीं. तेथें 'पात्र छान रंगविलें आहे' म्हणणें गैरलागू; माणसें खरीं आहेत. तेथें निवडीविषयीं विचारावें. १८७३ सालीं अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें, न्यायमूर्ती १९०१ सालीं वारले, आठवणी त्यानंतरच्या. मग त्यांत काय ठेवलें आणि काय वगळलें? मथळ्यांत 'माझ्या' नसून 'आमच्या' आहे, आणि पुढें 'कांहीं' हा शब्दही आहे. त्यांच्या शिकण्यावर घरांतील बायकांचा रोष होता, आणि तो सोसल्याची हकीकत त्या सांगतात. ती सांगतांना त्या वडील माणसांविषयीं कोणत्या सुरांत बोलतात? तो सूर मर्यादेचा, क्षमेचा, कीं सत्य झांकणारा? विद्यार्थ्यानें कोणताही पक्ष घ्यावा. मात्र शब्दांवर बोट ठेवून घ्यावा.

येथें एक अडचण उभी राहते, आणि ती शाळेपेक्षां घरांतली अधिक. हीं पुस्तकें आपल्याच पणजी-खापरपणजींचीं घरें उघडीं करतात. मुलीनें लिहिलें, कीं रमाबाईंचें मौन तिला खटकतें, तर आजी दुखावतील. नातवानें 'आतां ही चाल उरली नाहीं, म्हणून कादंबरी जुनी झाली' असें लिहिलें, तर काका त्यास उद्धट म्हणतील. दोन्ही विधानें खोडूं नयेत. 'कशावरून?' एवढेंच समासांत लिहावें. आजींनींही तोच प्रश्न विचारावा, आणि आपलें मत निराळें असल्यास तें सांगावें. वादाला उत्तर देतां देतांच मूल पुस्तक दुसऱ्यांदा उघडतें. मार्गदर्शकांतील तयार मत पाठ करून आलेला निबंध गुण मिळवील, पण दिवाणखान्यांत एका उलट प्रश्नापुढें टिकणार नाहीं.

तपासतांना लाल शाईनें सारें पान रंगवूं नये. पहिल्या खर्ड्यांत केवळ विधान पाहावें, दुसऱ्यांत आधार; शुद्धलेखन सर्वांत शेवटीं. निबंध मोठ्यानें वाचून घ्यावा. जेथें वाचणारा स्वतःच अडखळतो, तेथें बहुधा विचारच अपुरा असतो, आणि तेवढाच परिच्छेद त्याच्याकडून पुन्हा लिहून घ्यावा.