‘समीक्षकांनी नावाजलेलं पुस्तक’ : हा पुरावा आहे का?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : ‘समीक्षकांनी नावाजलेली अलीकडची १२ बाल-कुमार पुस्तकं प्रस्तुत अभ्यासासाठी निवडली आहेत.’ वाक्य मला चांगलंच भारदस्त वाटत होतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘कोणी? कधी? कशासाठी?’ मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे. त्यात अख्खं सत्र गेलं.

बालसाहित्यात किंवा कुमारसाहित्यात संशोधन करायचं तुमच्या मनात असेल, तर या तीन प्रश्नांशी तुमचीही गाठ पडणार आहे. दरवर्षी इतकी पुस्तकं येतात की सगळी वाचणं शक्य नसतं. मग आपण सोपा रस्ता धरतो : ज्यांचं कौतुक झालंय तीच घेऊ. म्हणजे निवड आपण केलेलीच नसते, दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेली असते. व्हायवात प्रश्न मात्र आपल्याला विचारले जातात. म्हणून हे कौतुक संशोधकानं कसं वाचायचं, ते आज बघू.

कौतुक कुणासाठी लिहिलंय?

उदाहरणं अमेरिकेतली घेते, कारण तिथे ही व्यवस्था जुनी आहे आणि तिच्या नोंदी सापडतात. बालपुस्तकांची परीक्षणं छापणारी ‘हॉर्न बुक’ (१९२४), ‘कर्कस’ (१९३३), ‘स्कूल लायब्ररी जर्नल’ (१९५४) अशी नियतकालिकं तिथे आहेत. त्यांचा मुख्य वाचक म्हणजे ग्रंथपाल, शिक्षक आणि पुस्तकविक्रेते. परीक्षण छोटं असतं आणि बरेचदा पुस्तक बाजारात येण्याआधीच, आगाऊ प्रत वाचून लिहिलेलं असतं. विशेष आवडलेल्या पुस्तकाच्या नावापुढे तारा छापतात. मग प्रकाशक जाहिरातीत आणि मलपृष्ठावर तो तारा मिरवतो.

आता विचार करा, हा तारा काय सांगतो? मर्यादित पैशांत ग्रंथालयासाठी पुस्तकं घ्यायची असतील तर हे आधी घ्या, असं एका जाणकार प्रौढानं दुसऱ्या प्रौढाला सांगितलंय. सल्ला उपयोगाचा आहे. पण ज्या मुलांसाठी पुस्तक लिहिलंय, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हातात ते तोवर पडलेलंही नसतं. हे विसरून ‘पुस्तक मुलांमध्ये लोकप्रिय ठरले’ असं लिहिलंत, तर तुमचा पुरावा एका गोष्टीचा आणि दावा दुसऱ्याच गोष्टीचा, असं होईल.

तेच पुस्तक, दोन निवाडे

२०१५ मध्ये ‘अ फाइन डिझर्ट’ हे चित्रपुस्तक आलं. लेखिका एमिली जेनकिन्स, चित्रकार सोफी ब्लॅकॉल. कल्पना गोड आहे : ब्लॅकबेरी आणि क्रीमचा एकच गोड पदार्थ चार शतकांत चार कुटुंबं करतात. १७१०, १८१०, १९१० आणि २०१०. काळ बदलतो तशी क्रीम घुसळायची साधनं बदलतात. पुस्तकाला तारांकित परीक्षणं मिळाली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम सचित्र बालपुस्तकांच्या यादीत ते आलं.

पण १८१० चा प्रसंग दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा आहे. तिथे तो पदार्थ करतात त्या गुलामगिरीत असलेल्या मायलेकी, मालकांसाठी. काही चित्रांत त्या हसताना दिसतात आणि शेवटी कपाटात लपून भांडं चाटतात. अनेक वाचकांनी आणि ग्रंथपालांनी विचारलं, हे बघून लहान मुलाच्या मनात गुलामगिरीचं कोणतं चित्र तयार होईल? वाद वाढला. लेखिकेनं जाहीर माफी मागितली आणि आपलं मानधन ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ या संस्थेला दिलं. चित्रकारानं आपण ती चित्रं तशी का काढली, ते सविस्तर लिहिलं.

इथे घाई करू नका. ‘म्हणजे आधीचे समीक्षक चुकले’ असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. त्यापेक्षा दोन्ही प्रकारचे अभिप्राय शेजारी ठेवा आणि विचारा, प्रत्येकानं पुस्तकात नेमकं काय पाहिलं? स्तुती करणाऱ्यांचं लक्ष रचना, चित्रशैली, इतिहास सांगायची युक्ती यांवर होतं. आक्षेप घेणाऱ्यांचं लक्ष एका पात्राच्या चेहऱ्यावर होतं. पुस्तक तेच होतं, निकष वेगळे होते. हे निकष शोधून काढणं हेच तुमच्या प्रकरणाचं काम.

काढून घेतलेला तारा

दुसरं उदाहरण कुमारांसाठीच्या कादंबरीचं. लॉरा मोरिआर्टी यांची ‘अमेरिकन हार्ट’ २०१८ च्या सुरुवातीला आली. कल्पित अमेरिकेत मुस्लिमांना छावण्यांत डांबलं जातंय आणि एक गोरी किशोरवयीन मुलगी एका इराणी बाईला देशाबाहेर पळून जायला मदत करते, असं कथानक. प्रकाशनाआधीच, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘कर्कस’नं तिला तारा दिला. गोऱ्या तारणहाराची ही जुनीच गोष्ट आहे, अशी टीका झाल्यावर त्यांनी परीक्षण मागे घेतलं, दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध केलं आणि तारा काढून टाकला. मूळ परीक्षण एका मुस्लिम स्त्रीनं लिहिलं होतं, हे संपादकांनीच सांगितलं होतं. त्यामुळे ‘त्या समाजातल्या व्यक्तीनं परीक्षण केलं की प्रश्न मिटला’ हेही इतकं सरळ नाही, आणि दबावाखाली मत बदलावं का, हा वाद वेगळाच.

आपल्या कामापुरता धडा साधा आहे. परीक्षण हा दस्तऐवज आहे आणि दस्तऐवजाच्या आवृत्त्या असतात. एक्सेलमध्ये परीक्षणाची तारीख, पुस्तकाची प्रकाशन तारीख आणि तुम्ही ते पाहिल्याची तारीख असे तीन रकाने करा. पानाची प्रत जपून ठेवा. मी सुरुवातीला हे केलं नाही आणि एक अख्खा तळटीपांचा गठ्ठा पुन्हा तपासत बसले.

विशेषणांची वर्गवारी

ब्रिटिश समीक्षक जॉन रो टाउनसेंड यांनी बालसाहित्याच्या जगात दोन प्रकारचे लोक असतात असं म्हटलं होतं : पुस्तकांची माणसं आणि मुलांची माणसं. पहिल्यांना पुस्तक साहित्य म्हणून कसं आहे याची काळजी, दुसऱ्यांना ते मुलाच्या काय उपयोगाचं याची. हे भिंग मराठी परीक्षणांना लावून बघा. ‘ओघवती भाषा’, ‘चित्रदर्शी शैली’ एका बाजूला जातात. ‘संस्कारक्षम’, ‘मनोरंजनातून ज्ञान’ दुसऱ्या बाजूला. आणि ‘मोठ्यांनीही आवर्जून वाचावं’ हे कुठे टाकाल? मला तर हे मराठीतलं सगळ्यात मोठं कौतुक वाटत आलंय. पण नीट पाहिलं तर त्यात मुलांसाठी लिहिणं पुरेसं नाही, अशी एक कबुली दडलेली आहे.

छेद विसरू नका

कौतुकाच्या याद्या आपल्याला फक्त अंश देतात. किती पुस्तकांमधून ही निवडली, तो छेद वेगळा शोधावा लागतो. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या ‘कोऑपरेटिव्ह चिल्ड्रन्स बुक सेंटर’नं १९८५ मध्ये नुसती मोजणी केली. त्या वर्षीच्या सुमारे २५०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं होती फक्त १८. जे छापलंच गेलं नाही त्याचं कौतुक कोण करणार?

मराठीत काम करताना आणखी एक अडचण येते. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. यादी घेऊन ‘पुरस्कारप्राप्त पुस्तकं’ असा रकाना भरायला बसलात की अडखळता. २०१७ ला ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’, २०१९ ला सलीम सरदार मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’. मधल्या २०१८ ला रत्नाकर मतकरी, पण एकूण योगदानासाठी. त्या ओळीत पुस्तकच नाही! एकाच पुरस्कारात दोन वेगळ्या गोष्टींचं कौतुक मिसळलेलं आहे. ती ओळ गाळायची की ठेवायची आणि का, हे तुम्हाला लिहूनच द्यावं लागेल.

आणि मुलं?

एक नावाजलेली कथा मी सहावीच्या वर्गात वाचून दाखवली. परीक्षणांत तिच्या ‘सूचक शेवटा’ची वाहवा होती. वाचून झाल्यावर एका मुलानं पुस्तक हातात घेतलं, शेवटचं पान उलटून पाहिलं आणि विचारलं, ‘ताई, पुढचं पान फाटलंय का?’

या एका प्रश्नानं परीक्षणं खोटी ठरत नाहीत. पण मुलं माझ्या आराखड्यात कुठेच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. मुलांशी पुस्तकाबद्दल बोलायचं असेल तर एडन चेंबर्स यांचं ‘टेल मी’ वाचा. पहिल्याच फटक्यात ‘का आवडलं?’ विचारू नका, मूल गप्प होतं, असं ते सांगतात. त्याऐवजी काय आवडलं, काय नाही आवडलं, काय कोड्यात टाकणारं वाटलं आणि कुठे काही आकृतिबंध दिसले, एवढंच बोलतं करा.

शेवटी माझं ते वाक्य असं झालं : ‘निवडलेल्या कालखंडात किमान दोन नियतकालिकांत अनुकूल परीक्षण आलेली पुस्तकं घेतली असून, ही निवड प्रौढ समीक्षकांची पसंती दर्शवते, बालवाचकांची नाही.’ या चाळणीतून १२ पैकी ५ पुस्तकं उरली. वाक्य पूर्वीइतकं भारदस्त राहिलं नाही. पण आरएसीच्या बैठकीत त्यावर प्रश्न आला तेव्हा मला उत्तर देता आलं.

तुमच्यासाठी गृहपाठ : तुमच्या यादीतलं एक पुस्तक घ्या, त्याची तीन परीक्षणं मिळवा आणि समासात मॅडमचे तीन प्रश्न लिहा. पेन्सिलीनंच लिहा, उत्तरं बदलतात.