पेंटाच्या कुपीतला पारा

डोंगरकड्यात काय किंवा हिंगोली जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, दीड महिन्याच्या बाळाला मिळणारी पेंटाव्हॅलंट लस सहसा दहा डोसांच्या कुपीतून काढतात. सुई प्रत्येक बाळाला नवी, पण रबरी बूच एकच आणि ते दहादा टोचले जाते. त्यातून शिरलेला जंतू आत वाढू नये म्हणून लशीत थायोमर्सल घालतात. त्यात पारा असतो, म्हणून आईबापांना धास्ती वाटते. पण असे जंतुरोधक नसले तर काय होते? 1902 मध्ये मुंबईत परळच्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतली प्लेगची लस पंजाबात मुल्कोवालला दिली गेली आणि एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. लस बनवताना जंतू मारणारे कार्बोलिक आम्ल वगळले होते. ते असते तर माणसे वाचली असती का, हा वाद पुढे चालला. हाफकिन यांच्यावरचा ठपकाही अखेर पुसला गेला. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गमध्ये 1928 साली मात्र वादाला जागा उरली नाही. घटसर्पाच्या लशीच्या ज्या कुपीने 17 जानेवारीला कुणाला अपाय झाला नाही, तिच्यातूनच 27 तारखेला 21 मुलांना लस दिली; 12 मुले गेली. लशीत जंतुरोधक नव्हते, आणि मधल्या दिवसांत आत जंतू माजले होते.

आता पाऱ्याचे. जपानमध्ये मिनामाता इथे विषारी माशांतून माणसांत गेला तो मिथाइल पारा. रक्तातला त्याचा साठा निम्मा व्हायला दीड महिना लागतो. थायोमर्सलपासून होतो इथाइल पारा, तो तान्ह्या बाळाच्या रक्तातून आठवड्याच्या आत निम्मा होतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. एका डोसात तो जास्तीत जास्त 25 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा चाळिसावा भाग. मग अमेरिकेने मुलांच्या लशींतून तो का काढला? 1999 चा तो निर्णय खबरदारीचा होता, अपायाचा पुरावा सापडला म्हणून घेतलेला नव्हता. थायोमर्सलने स्वमग्नता (ऑटिझम) येते अशीही शंका घेतली गेली; पण डेन्मार्कने 1992 मध्येच ते थांबवले, तरी तिथे स्वमग्नतेच्या नोंदी वाढतच गेल्या.

एका डोसाच्या कुप्या वापराव्यात, हे म्हणणे रास्त आहे. पण त्यांना शीतपेटीत कितीतरी जास्त जागा लागते आणि खर्चही वाढतो. गोवर-रुबेला आणि बीसीजी या जिवंत जंतूंच्या लशींत जंतुरोधक घालताच येत नाही, म्हणून मिसळल्यावर चार तासांत त्या टाकाव्याच लागतात. पेंटाची उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर 28 दिवस चालते. उघडल्याची तारीख आणि वेळ कुपीवर लिहिलेली असते. ती आरोग्यसेविकेला जरूर विचारा आणि बाळाला लस द्या.