रॉकेटच्या पंखांना कागदाचं चिलखत

आईस्क्रीम खाऊन झालं की चपटी काडी फेकून देऊ नका. दोन्ही टोकं धरून ती मधोमध मोडून बघा. वाकेल, कुरकुरेल, पण चटकन मोडणार नाही. आता तिच्या टोकाला नखाने उभी चीर पाडा. बघा, कशी सरळ फाटत गेली! काडी तीच, लाकूड तेच. मग हा फरक कसला? लाकडात बारीक तंतू एकाच दिशेने, एकमेकांना चिकटून असतात. तंतू तोडणं कठीण, पण दोन तंतू एकमेकांपासून सोडवणं सोपं. एवढं कळलं की मॉडेल रॉकेटच्या पंखांचं अर्धं काम झालं म्हणून समजा.

मॉडेल रॉकेट म्हणजे कागदाची नळी, पुढे निमुळतं नाक आणि मागे तीन किंवा चार लाकडी पंख. हे पंख पक्ष्यांच्या पंखांसारखे फडफडत नाहीत हं! बाणाच्या मागे पिसं असतात ना, त्यांचं काम ते करतात. रॉकेट जरा तिरकं झालं की समोरून येणारी हवा पंखांवर आपटते आणि शेपटी पुन्हा जागेवर ढकलते. इंजिन पेटल्यावर हे खेळण्याएवढं रॉकेटसुद्धा एक-दोन सेकंदांत मोटारीपेक्षा जोरात धावू लागतं. अशा वेळी एक पंख जरी निखळला, तर ते गरगरत कुठेही जाईल, अगदी बघणाऱ्यांच्या अंगावरसुद्धा.

हा छंद सुरू झाला अमेरिकेत. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ होते. धंदा बुटांच्या दुकानाचा आणि नाद शोभेच्या दारूकामाचा! १९५४ साली त्यांनी पॅराशूटने अलगद खाली उतरणारं छोटं रॉकेट बनवलं. त्या दशकात तिथली काही मुलं लोखंडी नळ्यांत घरगुती इंधन ठासून रॉकेटं उडवत आणि बोटं गमावून बसत. जी. हॅरी स्टाइन या रॉकेटतज्ज्ञाने कार्लाइलचं रॉकेट पाहिलं आणि १९५७ मध्ये अशी सुरक्षित रॉकेटं विकायला सुरुवात केली. या छंदाचे नियम तेव्हापासूनचे: रॉकेट कागदाचं, हलक्या लाकडाचं किंवा प्लॅस्टिकचं हवं आणि इंजिन कारखान्यातच बनलेलं हवं. फटाक्यांची दारू काढून घरी इंजिन बनवायचा विचारसुद्धा मनात आणायचा नाही!

पंखांसाठी लाकूड वापरतात ते बाल्साचं. ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशातून येतं. १९४७ साली थॉर हायरडाल पाच सोबत्यांना घेऊन प्रशांत महासागरात गेला, तो कॉन-टिकी तराफा याच लाकडाच्या ओंडक्यांचा होता. आपल्याकडे विमानांची मॉडेल्स बनवायचं सामान मिळतं तिथे बाल्साच्या पातळ फळ्या मिळतात. तुमचा दादा किंवा ताई एनसीसीच्या एअर विंगमध्ये असेल, तर त्यांना विचारा.

फळी दोन-तीन मिलिमीटर जाडीची घ्या. पंख आखताना आईस्क्रीमची काडी आठवा. लाकडाचे तंतू पंखाच्या पुढच्या, म्हणजे हवा कापणाऱ्या कडेला समांतर हवेत. ते नळीला समांतर राहिले, तर जमिनीवर टेकताना पंख बुडापासून बिस्किटासारखा तुटतो. सगळे पंख कापले की एकावर एक धरून पॉलिश पेपरने एकदमच घासा, म्हणजे सारखे होतील. मग एकेकाची पुढची कड गोल करा, मागची निमुळती करा. नळीला चिकटणारी कड मात्र सपाटच ठेवा.

आता चिलखत! पंख वाकतो तेव्हा त्याची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. मधल्या भागावर फारसा ताण येत नाही. म्हणजे बळ हवं ते पृष्ठभागावर. पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा बघा. आत नुसत्या नागमोडी कागदाची पोकळी, पण दोन्ही बाजूंच्या सपाट कागदांमुळे तो किती ताठ असतो! आपणही तेच करायचं. वहीच्या साध्या कागदाला फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात द्या आणि पुढच्या कडेवरून दुमडून तो पंखाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी चिकटवा. एकाच बाजूला लावलात, तर वाळताना पंखाचं केळं होईल. वर-खाली प्लॅस्टिकचा कागद ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा. प्लॅस्टिक विसरलात, तर बाबांच्या शब्दकोशालाही पंख फुटतील!

सकाळी जादा कागद कापून टाका. मग हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या सँडिंग सीलरचा हात द्या. त्याचा वास उग्र असतो आणि तो पेटतो, म्हणून हे काम मोठ्या माणसासोबत, खिडकी उघडून, गॅसपासून दूर करायचं. वाळल्यावर खरखर लागेल. नाकाला रुमाल बांधून ती बारीक पॉलिश पेपरने घासा आणि पुन्हा हात द्या. असे दोन-तीन हात पुरेत. नळीला चिकटणाऱ्या कडेला सीलर अजिबात लावू नका, नाहीतर तिथे फेव्हिकॉल मुरणारच नाही.

चिकटवतानाही घाई नको. नळीवर पंखाची जागा थोडी घासून घ्या. नळी आणि पंख दोन्हींना फेव्हिकॉल लावून वाळू द्या, पुन्हा थोडा लावा आणि मग जोडा. पक्कं झालं की रॉकेट आडवं ठेवून दोन्ही कोपऱ्यांत फेव्हिकॉलची बारीक रेघ ओढा आणि बोटाने गोलाई द्या. गच्चीवर भिंत आणि जमीन मिळते तिथे गवंडी सिमेंटची देतो ना, तशी.

तुम्ही म्हणाल, मग जाड प्लायवूडच का नको? कारण वजन! शेपटी जड झाली की रॉकेटचा तोल मागे सरकतो आणि मग मजबूत पंखसुद्धा त्याला सरळ ठेवू शकत नाहीत. रंगाचे थरावर थर चढवले तरी हेच होतं.

आपल्याकडे ही इंजिनं सहजासहजी मिळत नाहीत. पण प्लॅस्टिकची बाटली, पाणी आणि सायकलचा पंप यांवर उडणारं पाण्याचं रॉकेट शाळेच्या मैदानावर, सरांच्या देखरेखीखाली उडवता येतं. त्याचे लाकडी पंख प्रत्येक वेळी भिजणार, तेव्हा सीलर हवाच. इथे चिकटवायला साधा फेव्हिकॉल नको, पाण्याने न सुटणारा घ्या. आणि हवा भरायच्या बाटलीवर ओरखडे काढू नका, ती फुटू शकते. दुसऱ्या बाटलीचा मधला भाग कापून पंख त्यावर बसवा आणि ते कडं चिकटपट्टीने मूळ बाटलीवर बसवा.

उडवण्याआधी एक परीक्षा घ्यायची. इंजिनाचं रॉकेट असेल तर इंजिन बसवून, ते मिळालं नसेल तर तेवढ्याच वजनाची माती भरून, रॉकेट बोटावर तोला. जिथे तोल राहतो तिथे दोरी बांधा, दोरी घसरू नये म्हणून वर चिकटपट्टी लावा आणि मोकळ्या जागी रॉकेट डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं, तर पास! शेपटी पुढे करून किंवा आडवंतिडवं फिरलं, तर नाकात थोडी खेळायची माती भरा आणि पुन्हा फिरवून बघा.