पकड सैल होतेय? ताकद मोजून घ्या

पोलादपूरच्या डोंगरउतारावर विळ्याने भातकापणी करणारा हात असो वा महाडच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर तीच हालचाल करणारा. सततच्या ताणाने स्नायुबंध व मज्जातंतू दुखावतात. हाताला मुंग्या येणे, वस्तू निसटणे याकडे मात्र थकवा समजून दुर्लक्ष होते. लेखनिकांच्या हातांच्या अशाच व्याधीची नोंद इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७१३ मध्ये केली होती.

पकडीची ताकद डायनॅमोमीटर या उपकरणाने मोजतात. खुर्चीवर बसून, कोपर ९० अंशांत ठेवून मूठ आवळायची. प्रत्येक हाताच्या तीन नोंदींची सरासरी किलोग्रॅममध्ये काढली जाते. चिमटीसाठी वेगळे मापक असते. वय, लिंग व कामानुसार ही ताकद बदलते. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा त्याच व्यक्तीच्या जुन्या नोंदीशी केलेली तुलना मोलाची ठरते. कामावर रुजू होतानाच मोजणी केली, तर पुढची घसरण वेळीच कळते.

मात्र वेदनेमुळेही पकड सैल पडते, तर मनगटातील मज्जातंतू दबू लागल्यावर प्रारंभी ताकद शाबूतही राहू शकते. म्हणूनच निदानासाठी डॉक्टरांची तपासणी आणि गरजेनुसार नर्व्ह कंडक्शन चाचणी आवश्यक ठरते. रात्री बधिरता वाढत असेल, तर हातावर पोट असणाऱ्यांनी तरी वाट पाहू नये.