एदिना, ओगुआ आणि भाड्याचे किल्ले

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाचा किनारा जेमतेम साडेपाचशे किलोमीटरचा. पण १४८२ ते १७८६ या तीनशे वर्षांत पोर्तुगीज, डच, इंग्रज, डेन, स्वीडिश आणि जर्मन ब्रांडेनबुर्गवाले अशा सगळ्यांनी इथं किल्ले आणि कोठ्या उभारल्या. पश्चिमेच्या बेयिनपासून पूर्वेच्या केटापर्यंत त्यांची रांगच आहे. या प्रदेशाला युरोपीयांनी नाव दिलं ‘गोल्ड कोस्ट’. त्याचा इतिहास बहुतेक पुस्तकांत या किल्ल्यांचाच सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो, कारण किल्ला ज्या गावाच्या कडेला उभा राहिला ते गाव आधीपासून तिथं होतं आणि जमीनही त्याचीच होती.

या किनाऱ्यावरचं पहिलं मोठं बांधकाम एल्मिनाचं. १४८२च्या जानेवारीत दिओगो द अझांबुजा हा पोर्तुगीज सरदार सुमारे पाचशे सैनिक आणि शंभर गवंडी-सुतार घेऊन इथं उतरला. घडलेले दगडसुद्धा त्यानं पोर्तुगालहून जहाजात भरून आणले होते. पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो यानंतर २८ वर्षांनी. गावच्या प्रमुखाचं नाव त्यांच्या बखरकारांनी ‘कारामान्सा’ असं लिहून ठेवलंय. अधूनमधून येणारे पाहुणेच बरे, शेजारी कायमचे राहू लागले की भांडणं होतात, अशा अर्थाचं तो बोलल्याची नोंद आहे. गवंड्यांनी पायासाठी पहारी घातल्या त्या नेमक्या गावकऱ्यांच्या पवित्र खडकावर. मारामारी झाली, मग नजराणे देऊन मिटवावं लागलं. पुढेही या किनाऱ्यावर युरोपीय कंपन्या स्थानिक राजांना किल्ल्यांच्या जागेबद्दल भाडं आणि नजराणे देत राहिल्या.

त्यांना ओढ होती सोन्याची. आतल्या जंगलांतून अकान लोकांचं सोनं भुकटीच्या रूपात किनाऱ्यावर येई आणि बाजारात ती भुकटीच चलन म्हणून चाले. व्यापाऱ्याच्या थैलीत छोटा तराजू, भुकटी उचलायची पितळी पळी आणि ओतीव पितळेची वजनं असत. कुणाचं वजन मगरीच्या आकाराचं, कुणाचं माशाचं, कुणाचं मान मागे वळवलेल्या पक्ष्याचं. बोटाच्या पेरावर मावेल एवढी ती मूर्ती आधी मेणात घडवायची, तिच्यावर मातीचा साचा चढवायचा आणि मेण वितळवून त्या जागी पितळ ओतायचं. अगदी लहान मापांपैकी एक होतं एका बीचं: लाल, काळ्या ठिपक्याची. आपल्या सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली ती गुंज हीच.

सोन्यामागोमाग माणसांचा व्यापार आला, आणि पुढे त्यानं सोन्यालाही मागं टाकलं. एल्मिना १६३७ साली डचांनी जिंकलं. तिथून पूर्वेला जवळच केप कोस्ट. स्वीडिश लोकांनी १६५३मध्ये तिथं कोठी घातली आणि १६६५च्या सुमारास ती इंग्रजांच्या ताब्यात कायमची गेली. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुषांच्या अंधारकोठड्यांच्या वरच प्रार्थनेची जागा होती. कोठडीत हवा आणि उजेड येई तो उंचावरच्या बारीक झरोक्यांतून. समुद्राच्या बाजूचं दार ओलांडलं की पुढे पडाव आणि त्यापुढे जहाज. ब्रिटननं हा व्यापार १८०७ साली बंद केला. दोन्ही किल्ले १९७९पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

पण माझं मन अडकतं ते १८७२च्या एप्रिलमध्ये. डचांनी एल्मिनाचा किल्ला इंग्रजांच्या हवाली केला. एदिना म्हणजे एल्मिनाच्या लोकांनी स्वतःच्या गावाला दिलेलं नाव. एदिनाचा राजा कोबिना ग्यान याला हे मान्य नव्हतं. गावाचा डचांशी संबंध शतकांचा होता आणि किल्ला देताना गावाला विचारलं कुणी नव्हतं. त्यानं इंग्रजांचा अंमल मानला नाही. त्याला पकडून सिएरा लिओनला धाडलं आणि १३ जून १८७३ रोजी इंग्रजांनी तोफा डागून किल्ल्यालगतचं जुनं गाव उद्ध्वस्त केलं. लोकांना तिथं पुन्हा घरं बांधू दिली नाहीत. जागा सपाट करून तिचं कवायतीचं मैदान केलं. पुढे उत्खननात त्याच मातीतून घरांच्या भिंती, भांडी आणि दफनं निघाली. कोबिना ग्यान परतला तो १८९४ साली.

बाकीच्या शहरांचं थोडक्यात सांगतो. १८७७ साली इंग्रजांच्या गोल्ड कोस्ट वसाहतीची राजधानी केप कोस्टहून अक्राला गेली. अक्रा म्हणजे गा लोकांच्या वस्त्या. त्यांच्या शेजारी इंग्रजांचा जेम्स, डचांचा क्रेव्हकर आणि डेनांचा क्रिश्चियान्सबोर्ग असे तीन किल्ले. किनाऱ्यावरच्या सेकोंडीहून निघालेली रेल्वे १९०३ला आतल्या भागातल्या कुमासीला पोहोचली आणि १९२८मध्ये शेजारी ताकोराडी बंदर झालं, कोको आणि लाकूड परदेशी नेण्यासाठी. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, दुसऱ्या महायुद्धातून परतलेले निवृत्त सैनिक आपलं गाऱ्हाणं घेऊन इंग्रज गव्हर्नरकडे, क्रिश्चियान्सबोर्गला निघाले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघे ठार झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, ६ मार्च १९५७ रोजी, देश स्वतंत्र झाला.

एदिनात आजही मंगळवारी मासेमारी बंद असते. जुलैच्या पहिल्या मंगळवारी बाकातुए हा सण येतो. त्या दिवशी बेन्या खाडीत विधिपूर्वक जाळं टाकलं जातं आणि मासेमारीचा हंगाम खुला होतो.

पोर्तुगीज कागदांत आपल्या वसईचं ‘बसाईं’ होतं, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि आपण मात्र वसईच म्हणतो. नकाशात एल्मिना आणि केप कोस्ट दिसतील तेव्हा त्यांची घरची नावंही उच्चारावीत, एवढीच वाचकांना विनंती: एदिना आणि ओगुआ.