हडसन सॉफ्ट

हडसन सॉफ्ट ही व्हिडिओ गेमची निर्मिती व प्रकाशन करणारी जपानी कंपनी होती. तिची स्थापना १९७३ मध्ये होक्काइडो बेटावरील साप्पोरो शहरात झाली आणि १ मार्च २०१२ रोजी कोनामी समूहात विलीन होऊन तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. ‘बॉम्बरमॅन’ ही तिची सर्वाधिक प्रसिद्ध खेळमालिका होय.

स्थापना
युजी व हिरोशी कुडो या बंधूंनी प्रारंभी हौशी रेडिओची साधनसामग्री विकणारे दुकान काढले. युजी यांना आगगाड्यांची आवड असल्याने ‘हडसन’ प्रकारच्या वाफेच्या इंजिनावरून दुकानाचे नाव ठेवले गेले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती संगणक प्रचारात आल्यावर कंपनी त्यांच्यासाठी आज्ञावली तयार करू लागली.

उत्कर्ष
निन्टेन्डोच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या खेळयंत्रासाठी खेळ प्रकाशित करणारी हडसन ही पहिली बाहेरची कंपनी ठरली. १९८४ मध्ये तिने या यंत्रासाठी काढलेल्या ‘लोड रनर’ या मूळ अमेरिकन खेळाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. कंपनीतील कर्मचारी तोशियुकी ताकाहाशी हे एका सेकंदात सोळा वेळा कळ दाबण्याच्या कौशल्यामुळे जपानी मुलांमध्ये अतिशय लोकप्रिय झाले. ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ (१९८६) या खेळाचा नायक त्यांच्यावरूनच बेतलेला आहे.

पुढे हडसनने एनईसी कंपनीच्या सहकार्याने ‘पीसी इंजिन’ हे खेळयंत्र विकसित केले (१९८७). त्यातील प्रमुख चिपा हडसनने तयार केल्या होत्या. पातळ कार्डावर खेळ साठवणाऱ्या या यंत्राला १९८८ मध्ये सीडी-रॉमची जोड मिळाली. जपानमध्ये ते यशस्वी ठरले, अमेरिकेत मात्र त्याला बाजारपेठ मिळवता आली नाही.

उतरती कळा व विलीनीकरण
नंतरचे ‘पीसी-एफएक्स’ (१९९४) हे यंत्र त्रिमितीय चित्रणात प्रतिस्पर्ध्यांच्या मागे पडून अपयशी ठरले. खरा आघात मात्र बाहेरून झाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये कंपनीला प्रामुख्याने अर्थपुरवठा करणारी होक्काइडो ताकुशोकू बँक बुडाली. ‘मारिओ पार्टी’ (१९९८) हा निन्टेन्डोसाठी केलेला खेळ गाजला, तरी कंपनीला नव्या भांडवलाची निकड होतीच. २००१ मध्ये कोनामी तिची सर्वांत मोठी भागधारक झाली आणि २००५ मध्ये बहुसंख्य भाग कोनामीकडे गेले. एप्रिल २०११ मध्ये हडसन पूर्णपणे कोनामीच्या मालकीची झाली व पुढील वर्षी विसर्जित करण्यात आली.

वारसा
हडसनच्या खेळांचे हक्क कोनामीकडे गेले. २०१७ मध्ये ‘सुपर बॉम्बरमॅन आर’ हा खेळ कोनामीच्या नावाने प्रकाशित झाला. ‘मारिओ पार्टी’ घडवणारे अनेक कर्मचारी निन्टेन्डोच्या एनडी क्यूब या उपकंपनीत गेले व तेथे त्यांनी ती मालिका पुढे चालवली. अशा रीतीने संस्था संपली, तरी तिने निर्माण केलेले खेळ आणि घडवलेले कसब दोन निरनिराळ्या कंपन्यांमधून टिकून राहिले.