नदीपलीकडचा भाव

अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे, हे आरंभीच कबूल करतो. महाडसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवून पोट भरणारा मी मनुष्य. हिशेबाशी माझा संबंध महिन्याच्या एक तारखेला सुरू होतो आणि दहा-बारा तारखेच्या सुमारास पैशांबरोबरच संपतो. तरीही ऐन दिवाळीत मी दोन देशांच्या आणि तीन गावांच्या महागाई-स्वस्ताईचा ताळा मांडायला बसलो आहे. याला कारण माझी धाकटी बहीण.

ती गेली बारा वर्षे कॅनडात, टोरांटोला खेटून असलेल्या मिसिसागा शहरात राहते. आमची आई मात्र पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत, वडिलांच्या माघारी एकटीच असते. वय अठ्ठ्याहत्तर. २०२४ च्या जून महिन्यात एका रात्री तिला धाप लागली. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली. शेजारच्या पोराने जीप काढली, तिला पोलादपूरला आणले आणि तिथून महाडला. चार दिवसांत आई हिंडू-फिरू लागली. पण ही बातमी सातासमुद्रापलीकडे गेली आणि बहिणीची झोप उडाली. आठवड्याभरात तिचा फोन आला.

"दादा, आईला कायमची इकडे पाठव. खर्चाचा विचार करू नकोस. आणि करणारच असशील तर नीट कर."

पाठोपाठ मेहुण्यांनी तयार केलेला तक्ताही आला. मेहुणे व्यवसायाने हिशेबनीस. डाव्या बाजूला कॅनडा, उजव्या बाजूला पोलादपूर. दूध, भाजी, औषध, वीज, प्रवास असे रकाने. उजवीकडचे रकाने मी भरायचे होते.

तो तक्ता हाती आला तेव्हा मला आदल्या वर्षीचा एक बाक आठवला.

२०२३ च्या मे महिन्याच्या सुटीत मी बहिणीकडे गेलो होतो. एका शनिवारी मेहुणे म्हणाले, "चला, नदीपलीकडे जाऊन दूध-पेट्रोल घेऊन येऊ." मला वाटले, असेल जवळपास. गाडी दीड तास धावली तेव्हा फोर्ट एरी हे गाव आले. समोर नायगारा नदी, नदीवर पीस ब्रिज नावाचा लांबलचक पूल आणि पलीकडे अमेरिकेचे बफेलो शहर. पण माझ्या पारपत्रावर कॅनडाचा शिक्का होता, अमेरिकेचा नव्हता. मंडळी पलीकडे गेली आणि मी अलीकडे एका बाकावर, बहिणीने दिलेला पोळीभाजीचा डबा मांडीवर घेऊन बसलो. पलीकडची घरे स्पष्ट दिसत होती. तिथला भाव मात्र माझ्यासाठी नव्हता.

कॅनडातली बहुसंख्य वस्ती अमेरिकेच्या सरहद्दीला धरून आहे. त्यामुळे पलीकडे जाऊन खरेदी करणे हा तिथल्या मध्यमवर्गाचा जुना परिपाठ. मेहुण्यांनी मला त्यातले गणित समजावले होते. पलीकडे पेट्रोल गॅलनने मिळते, अलीकडे लिटरने. तेव्हा आधी ३.७८५ ने भागायचे. मग कॅनडाच्या डॉलरचे अमेरिकन डॉलर करायचे. २००७ साली हे दोन डॉलर बरोबरीला आले होते. २०२५ साली कॅनडाच्या डॉलरला अमेरिकेचे सत्तर-बहात्तर सेंटच मिळत होते. शिवाय जकात. चोवीस तासांच्या आत परत आलात तर खरेदीवर सूट नाही. चोवीस तास राहिलात तर माणशी दोनशे डॉलरपर्यंत, अठ्ठेचाळीस तास राहिलात तर आठशे. म्हणजे सूट मिळवायची तर रात्री मुक्काम करा, आणि मुक्काम केला की वाचलेले पैसे हॉटेलवाल्याला द्या! मी विचारले, "मग उरते काय?" मेहुणे हसून म्हणाले, "फिरून आल्याचं समाधान."

मात्र दूध पलीकडे खरोखरच स्वस्त होते. याचे कारण मोठे उद्बोधक आहे. कॅनडात कोणत्या शेतकऱ्याने किती दूध काढायचे याचा वाटा ठरलेला असतो. शेतकऱ्याचा खर्च निघेल असा दर बांधलेला असतो आणि ठरावीक मर्यादेबाहेर येणाऱ्या परक्या दुधा-लोण्यावर जबर जकात बसते. म्हणजे गिऱ्हाईक जे चार पैसे जास्त मोजते, त्यात गोठेवाल्याच्या संसाराची हमी असते. दवाखान्याची गोष्ट याच्या उलट. टॉमी डग्लस यांच्या पक्षाच्या सरकारने १९६२ साली सॅस्कॅचवान प्रांतात सर्वांसाठी सरकारी वैद्यकीय विमा सुरू केला. पुढे ती पद्धत देशभर पसरली आणि १९८४ च्या कायद्याने पक्की झाली. तिथला रहिवासी इस्पितळात जातो आणि बिल न घेता घरी येतो. पैसे त्याने करातून आधीच भरलेले असतात. पलीकडे अमेरिकेत दूध स्वस्त, पण आजारपणाने संसार धुऊन निघालेली कुटुंबे थोडी नाहीत. तेव्हा दोन देशांपैकी स्वस्त कोणता, हे दुकानातल्या पाटीवरून कळत नाही. भावाच्या पोटात काय काय भरले आहे ते पाहावे लागते.

आता उजवीकडचा रकाना. वाचकहो, आमच्याकडेही अशी शेजारची राष्ट्रे आहेत. फरक इतकाच, की शिक्का लागत नाही. पोलादपूर हे मुंबई-गोवा हमरस्त्यावरचे घाटाच्या पायथ्याचे गाव. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर महाड, सावित्रीकाठची जुनी बाजारपेठ. पूर्वेला आंबेनळी घाट चढून चाळीसेक किलोमीटर गेले की महाबळेश्वर. तिथे जिल्हा बदलतो, हवा बदलते आणि चहाचा भावही बदलतो. तोच चहा, तीच साखर. पण वर धुके आणि प्रवासी आहेत, त्यांचे पैसे कपात घातलेले असतात. आमच्या वाडीतली दोन पोरे वरच्या हॉटेलांत कामाला आहेत. कमाई महाबळेश्वरच्या भावाने करावी आणि खर्च पोलादपूरच्या भावाने करावा, हे त्यांचे अर्थशास्त्र. मुंबईच्या चाकरमान्यांनी गेल्या कित्येक पिढ्या दुसरे काय केले?

महाडात वाण्याचे सामान, औषधे, कापड वाडीपेक्षा स्वस्त पडते. पण वाडीतल्या बाईने पाच रुपये वाचवायला महाडला यायचे, तर येण्याजाण्याचे भाडे त्या पाचांना गिळून टाकणार. म्हणून ती वाडीतल्या दुकानातच जास्त पैसे मोजते. गरिबाला महाग पडते ते असे. तो स्वस्त जागेपर्यंत पोहोचू शकत नाही म्हणून महाग जागी विकत घेतो. फोर्ट एरीच्या बाकावर मी जसा बसलो होतो, तशा आमच्या वाडीतल्या कित्येक बाया जन्मभर बसल्या होत्या.

मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एस.टी.चे भाडे निम्मे झाले. त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्याच्या हद्दीत एस.टी.चा प्रवास मोफत झाला होता. सरकारी तिजोरीला हे परवडते काय, हा वाद विद्वानांनी घालावा. २०२५ च्या जानेवारीत भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलेच. पण आमच्या वाडीच्या थांब्यावर काय झाले ते मी पाहिले आहे. ज्या बाया महाडचा बाजार वर्षातून दोनदा पाहत, त्या महिन्यातून दोनदा दिसू लागल्या. दुकानातला भाव तोच राहिला. मधली नदी अरुंद झाली.

या विचारात मला एक जुने साल आठवते. फोर्ट एरीचा तो पूल १९२७ साली वाहतुकीस खुला झाला, असे मला बाकावर बसल्या बसल्या समजले. महाडच्या माणसाला ते साल विसरता येत नाही. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तळ्याच्या पाण्याला मोल नव्हते. नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही १९२४ सालीच झालेला होता. तरी तिथवरची चार पावले माणसांना केवढी महाग पडली! परतताना त्यांना मार खावा लागला आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. वस्तूचा भाव आणि वस्तूपर्यंत पोहोचण्याचा भाव हे दोन निराळे आहेत, हा धडा आमच्या गावात पुस्तकाबाहेर गिरवला गेला आहे.

आणि माणसे नेहमी स्वस्ताच्याच मागे धावतात असेही नाही. २०२५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी कॅनडाच्या मालावर जकाती बसवल्या आणि त्या देशाला आपले एक्कावन्नावे राज्य करण्याची भाषा केली. तेव्हा पूल ओलांडणाऱ्या कॅनेडियन गाड्या एकदम रोडावल्या. मेहुण्यांनीही पलीकडचे दूध बंद केले. मी फोनवर चिडवले तर म्हणाले, "दादा, तेवढं महाग परवडतं."

असो. तक्ता भरायला बसलो. आमच्या रकान्यातही काही रकमा अशा निघाल्या, की त्यांचा भाव कोणत्या फळ्यावर लिहिलेला नसतो. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचा पूर महाडात शिरला तेव्हा माझ्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातली वीस वर्षांची पुस्तके चिखल झाली. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. तेव्हापासून पावसाळ्यात आई डोंगराखाली झोपते आणि मी महाडात जागा असतो. हा जगण्याचा खर्च नव्हे काय? आणि रात्रीची जीप? तिचे भाडे एस.टी.च्या कित्येक पट. त्या रात्री पोराने पैसे घेतले नाहीत, ही त्याची माणुसकी; रकाना तिच्या भरवशावर भरता येत नाही. बहिणीची भीती खोटी नव्हती.

डावीकडे मेहुण्यांनी एक रक्कम लाल शाईने लिहिली होती. आईवडिलांना दीर्घ मुक्कामासाठी बोलावण्याकरिता कॅनडा सरकार २०११ च्या डिसेंबरापासून एक खास परवाना देते. २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षेपर्यंत राहता येते. पण अट अशी, की निदान एक लाख डॉलरचा, निदान एक वर्षाचा खाजगी वैद्यकीय विमा उतरलेला हवा. रहिवाशाला मोफत असलेले इस्पितळ पाहुण्या आईला मोफत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, धापेचा विकार असताना, त्या विम्याचा हप्ता काय होतो ते मेहुण्यांनी लिहिले होते. त्या रकमेत आईच्या वाडीतल्या संसाराची कित्येक वर्षे निघाली असती. खाली बहिणीने टीप लिहिली होती: "हे आम्ही भरू. याचा विचार करू नका."

मी तो कागद घेऊन वाडीवर जाणार, तोच आई स्वतःच महाडला आली. एकटी, एस.टी.ने, हातात कुळथाची पिशवी. मी सगळा तक्ता वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकला. मग विचारले, "विम्याचे पैसे कशाबद्दल?"

"तू तिथं आजारी पडलीस तर."

"आणि नाही पडले तर?"

"तरी भरायचेच."

"म्हणजे नुसतं बसण्याचं भाडं," ती म्हणाली. "पैशाचं नव्हे रे. वैशू भरेल, तिची माया आहे. पण तुझ्या कागदावर प्रवासाच्या रकान्यात तिकडे शून्य का?"

मी पाहिले. खरेच, मेहुण्यांनी डावीकडे प्रवासाचा खर्च शून्य लिहिला होता. आईला गाडीतून तीच मंडळी नेणार, मग खर्च कसला?

"बघ म्हणजे," आई म्हणाली, "इथंही माझं तिकीट शून्य, तिथंही शून्य. पण इथं मी कुठंही जाते म्हणून शून्य. तिथं मी कुठं जाणारच नाही, म्हणून शून्य."

कमरेच्या पिशवीतून तिने शून्य रुपयांच्या तिकिटांची चवड काढली. महाड, खेड, चिपळूण आणि एक थेट पंढरपूरचे. कंडक्टरने दिलेले एकही तिने टाकले नव्हते.

बहिणीला काय कळवावे, हा प्रश्न राहिलाच होता. कारण आईचे बोलणे बरोबर असले तरी रात्रीची धाप त्याने थांबत नाही. शेवटी आम्ही तिघांनी फोनवर वाटाघाट केली. आईने एक पाऊल मागे घेतले: पावसाळ्याचे चार महिने ती महाडला माझ्याकडे राहील. पुरानंतर मी बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर हलवले आहे आणि दवाखाना हाकेवर आहे. बहिणीनेही एक पाऊल मागे घेतले. विम्याच्या हप्त्याऐवजी ती दर दोन वर्षांनी स्वतःच येईल. विमानाचे भाडे काही थोडे नाही. पण ते येण्याचे भाडे आहे, बसण्याचे नव्हे.

यंदाचा पावसाळा आईने माझ्याकडे काढला. धाप दोनदा लागली. दोन्ही वेळा पाच मिनिटांत आम्ही डॉक्टरांकडे होतो. दसरा झाल्यावर ती वाडीवर जायला निघाली. मी स्टँडवर पोहोचवायला गेलो. सवयीने खिशात हात घातला, तर आईने तो धरला.

"तुझे पैसे ठेव," ती म्हणाली. "वैशू यायची आहे. तिला आणायला मुंबईला जावं लागेल ना?"